भिरभिरं

उपाध्यांची सन्मती, इयत्ता चौथी,
दारातूनच साहित्य सांगत येते:
एक जुनी लग्नपत्रिका,
झाडूचा एक हीर (नव्या झाडूचा नको, आई ओरडेल),
एक टाचणी, एक मणी.
"मणी नसला तर मामा, रिफिलचा तुकडा चालतोय."
खर्च टाचणीचा.
"आणि टाचणीबी पत्रिकेलाच असती कधीकधी."

मी कुपवाडला एकतीस वर्षं लेथवर.
आम्ही मायक्रॉनमध्ये बोलायचो,
सूत, दोन सूत ही सुतारांची भाषा म्हणून
चहाच्या सुट्टीत हसायचो.
आता उजवा हात मांडीवर ठेवावा लागतो,
नेऊन.

मिरजेच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बोटांना काम द्या,
काहीही द्या, वाटाणे सोला.
मी इतके सोलले
की घरातले लोक वाटाण्याला भ्यायला लागले.
मग ही पोरगी आली.

पत्रिका निघाली माधवनगरच्या कार्यालयातली,
मुहूर्त बारा वाजून बत्तीस मिनिटे.
त्या नवरीची मुलगी आता बारावीला आहे.
कोपऱ्याला कोपरा लावायचा, घडी दाबायची,
चौकोनाबाहेर उरेल ती पट्टी कापायची.
"टाकू नका ती. तिचं पुढं काहीतरी होतंय."

कात्रीही उजव्यांच्याच जातीची.
डाव्या हातात ती कागद कापत नाही,
चावते.
चारही कोपऱ्यांतून मध्याकडे जायचं
आणि मध्याच्या अलीकडं, बोटभर, थांबायचं.
मी थांबलो नाही.
चार तुकडे झाले, आशीर्वादाचे दोन, आहेर नकोचा एक,
आणि एक कोरा.

दुसरं घडीवरच फाटलं.
तिसऱ्याला मी म्हणालो, राहू दे बाळ, माझं वय नाही.
ती डिंकाची बोटं फ्रॉकला पुसत म्हणाली,
"पहिल्यांदा सगळ्यांचंच वाकडं येतंय.
आमच्या बाईंचं पण आलतं. त्यांनी दाखवलं नाही."

चौथ्याला ती टाचणी अंदाजानं टोचायला निघाली.
थांब, मी म्हणालो.
कर्णावर पट्टी ठेव. आता दुसऱ्या कर्णावर.
छेदतात तिथं ठिपका.
केंद्र चुकलं की जॉब डुलतो,
मग तो लोखंडाचा असो नाहीतर लग्नाचा.
तिनं माझ्याकडं असं पाहिलं
जसं कुणी बरेच महिने पाहिलं नव्हतं.
"तुमाला येतंय की मामा!"
एवढंच येतं, म्हणालो.

भोक मी टाचणीच्या मापाचं केलं, नेमकं.
तिनं मान हलवली.
टाचणी भोकात फिरवून फिरवून
तिनं ते सैल केलं, आणखी सैल.
"घट्ट बसलं तर फिरणार कसं?
खेळ पायजे."
एकतीस वर्षं मी वस्तूंमधला खेळ काढत होतो.
त्याचे मला पैसे मिळायचे.

गॅलरीत वारा नव्हता.
समोरच्या हळदीच्या गोदामावरचा पत्रासुद्धा गप्प.
ती म्हणाली, फुंका.
मी फुंकलं. ओठाच्या पडक्या कोपऱ्यातून
सगळी हवा गालाखाली गेली.
ती हसली नाही,
मणी नीट करत बसली, नीटच असलेला.

मग तासगावची एसटी गेली खालून,
अंगात आल्यासारखी,
आणि माझ्या डाव्या मुठीत
हीर जरासा थरथरला.
अडीच फेरे.
डुलत, पण अडीच.
थांबलं तेव्हा वर मुहूर्त होता, उलटा.

मी अजून त्याच्याकडं बघतोय
आणि तिनं हात पुढं केला.
"ती पट्टी द्या मगाचची.
तिचं कासव होतंय."